बॉल्चोला जाण्याआधी

प्रिय सुहास,

तुझ्या कोरियातल्या सहकाऱ्याच्या घरच्यांनी तुला बॉल्चोला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला बोलावलंय, म्हणजे तू त्यांच्यात चांगलाच रुळलास. चुसॉक सणाच्या जेवणाला पाहुणा चालतो. पण गवत कापायला सहसा घरचीच माणसं जातात.

चुसॉक ही त्यांच्या आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. 2024 ला ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेला आली, 2025 ला थेट कोजागरीला. त्यांचा अधिक मास आपल्याहून वेगळ्या वेळी पडतो. गवत चुसॉकआधीच्या दोन-तीन शनिवार-रविवारी कापतात. रस्ते तुंबतात, म्हणून पहाटेच निघतील.

थडगं म्हणजे डोंगरउतारावरचा मातीचा गोल उंचवटा, त्यावर हिरवळ, पुढे दगडी चौरंग. सिमेंट नाही, माती धरून ठेवते ती हिरवळच. उन्हाळी पावसात रान माजलं की सावलीने हिरवळ मरते, माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात उंचवटा ढासळतो. झाडांची रोपं त्याहून वाईट, कारण मुळं आत शिरतात. ती नुसती छाटलीस तर पुन्हा फुटतील, मुळासकट उपट.

पाठीवरच्या इंजिनाचं कटर मागू नकोस. त्याच्या धातूच्या पात्याने खडे उडतात. चालू असताना 15 मीटर लांब थांब. तुझ्याकडे विळा किंवा दाताळं येईल. दाताळं घे. कापलेलं गवत तसंच राहिलं तर खालची हिरवळ कुजते, आणि हे कंटाळवाणं काम कुणालाच नको असतं. वरून खाली ओढत जा आणि ढीग आवाराबाहेर टाक.

खरी भीती गांधिलमाश्यांची. तिथली राक्षसी गांधीलमाशी जमिनीतच पोळं करते आणि इंजिनाच्या हादऱ्याने चवताळते. यंत्र सुरू करण्यापूर्वी लांब काठीने कडेची झुडपं हलवून थोडा वेळ बघत थांबावं. कपडे फिक्या रंगाचे घाल, काळे मुळीच नकोत. अत्तर, वासाचं तेल टाळ. अंगावर आल्या तर हात झाडू नकोस, खाली बसू नकोस. डोकं झाकून निदान 20 मीटर पळ. गवतावर बसू नकोस, शर्टही काढून ठेवू नकोस. गोचिडीपासून होणाऱ्या एसएफटीएस या विषाणूजन्य तापावर लस नाही. बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफसचा तापही तिथे आहे, 2018 ला विदर्भात पसरलेला तोच. पायमोज्यात पँट खोच, घरी येताच अंघोळ कर, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला गवताचं आधी सांग.

विधी त्या मानाने छोटा. चौरंगावर फळं, सुकवलेला पोलॉक मासा आणि तांदळाची दारू मांडतात. तू फळं नेणार असशील तर सफरचंद किंवा नासपती ने. पीच नको, त्याने पितर पळतात असं मानतात. नमस्कार गुडघे टेकून, कपाळ हातांपर्यंत नेऊन, दोनदा. शेवटी उभ्याने थोडं वाकायचं. पुरुषाचा डावा हात उजव्यावर असतो. उजवा वर अंत्यविधीत. घर ख्रिस्ती असेल तर बहुधा नमस्कार नसेल, प्रार्थना असेल. आदल्या दिवशी विचारून ठेव. नंतर तीच दारू आणि खाणं सगळे वाटून घेतात. पीत नसशील तर पेला दोन्ही हातांनी घेऊन ओठाला लाव, चालतं. चौरंगावर बसू नकोस. उरलेलं अन्न तिथे ठेवू देऊ नकोस, रानडुकरं येऊन थडगी उकरतात.

जेवताना काका मंडळींचा एक वाद बहुधा ऐकशील: थडगी उघडून अस्थींचं दहन करायचं का? आता तिथे 90 टक्क्यांहून जास्त मृतांचं दहनच होतं, आणि 13 जानेवारी 2001 नंतरच्या थडग्यांना कायद्याने 30 वर्षांची मुदत आहे, एकदाच वाढवता येणारी. शिवाय गवत कापायला तरुण पोरं येत नाहीत. पैसे देऊन कापून घेणारी घरंही पुष्कळ. थडगी हलवायला ते अधिक मास शुभ मानतात, आपल्या उलट. या वादात तुझं मत विचारलं तरी देऊ नकोस.

जाड हातमोजे विसरू नकोस, तिकडचे पातळ असतात.

तुझा,
अजित