बत्तीस वर्षं मी अर्धाच प्रीस्टली शिकवला

प्रिय वसंता,

उत्तराला उशीर झाला, शिव्या घालू नकोस. मोतीबिंदू काढलाय. वाचायची परवानगी मिळाली तसा आधी जोसेफ प्रीस्टली हातात घेतला. आठवतो ना? पाऱ्याची लाल भुकटी, तिच्यावर भिंगातून ऊन, १ ऑगस्ट १७७४, ऑक्सिजन! बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. पण गृहस्थ पेशाने पाद्री होता, प्रयोग हा त्याचा जोडधंदा, हे एकदाही सांगितलं नाही. मलाच कुठे धड ठाऊक होतं!

यॉर्कशरमधला कापडवाल्याचा मुलगा. आई लवकर गेली, आत्याने वाढवला. घर कर्मठ कॅल्व्हिनपंथी, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असं मानणाऱ्या कडक ख्रिस्ती पंथातलं. विशीच्या आत चर्चच्या मंडळीचा सभासद व्हायला गेला, तर वडीलधाऱ्यांनी विचारलं, आदामाच्या पापाबद्दल तुला पश्चात्ताप होतो का? हा म्हणाला, मी न केलेल्या पापाचा पश्चात्ताप मला होत नाही. झालं, सभासद करून घ्यायला नकार. खोटं 'हो' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? आपण मुंजीत, लग्नात अर्थ न कळता किती ठिकाणी 'हो' म्हटलं, आठव.

पुढे नीडम मार्केटला उपदेशक झाला. बोलताना अडखळायचा. वर्षाला ४० पौंड कबूल केलेले, हातात जेमतेम ३० पडायचे. येशू हा देव नव्हे, असं याचं मत बनतंय हे कळल्यावर लोक उपासनेला यायचेच बंद झाले. तरी गडी थांबला नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही श्रद्धा) गेलं, देहापासून वेगळा आत्मा गेला. येशू माणूसच होता, बाकी सगळं मागाहून चढवलेलं, असं त्याने १७८२ साली ग्रंथ लिहून सांगितलं. आणि गंमत बघ, नास्तिक मुळीच नव्हता. पुनरुत्थानावर, चमत्कारांवर अगदी भोळी श्रद्धा! त्यामुळे कर्मठ त्याला पाखंडी म्हणत आणि नास्तिक अर्धवट.

मात्र फ्लॉजिस्टन, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं तेव्हा मानलं जाणारं द्रव्य, त्याला शेवटपर्यंत सोडवलं नाही. जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने उलगडून दाखवल्यावरही नाही. त्रैक्य सोडलं आणि हे धरून बसला. मला तर याचं हसूच येतं, पण प्रेमाने.

१४ जुलै १७९१ ची रात्र तुला सांगायलाच हवी. बर्मिंगहॅममध्ये फ्रेंच क्रांतीच्या वाढदिवसाची मेजवानी होती. हा क्रांतीचा पाठीराखा, पण तिकडे गेलाही नव्हता. रात्री जेवण उरकून बायकोशी बॅकगॅमन खेळत बसलेला, तेवढ्यात निरोप आला, जमाव येतोय, निघा! आधी त्याचं प्रार्थनामंदिर पेटवलं, मग 'चर्च आणि राजा' अशा घोषणा देत लोक घरावर आले. घरातले सगळे विस्तव विझवून ठेवलेले, त्यामुळे पेटवायला आग मिळेना! पेटत्या मेणबत्तीला दोन गिनी देऊ केल्या. शेवटी त्याच्याच विद्युतयंत्रातून ठिणगी पाडायची खटपट केली. रात्र शांत होती, दूरवर थांबलेल्या त्याला घर फोडल्याचा आवाज ऐकू येत होता. अखेर आग मिळालीच. प्रयोगशाळा, पुस्तकं, कित्येक वर्षांची हस्तलिखितं, सगळं गेलं.

१७९४ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलंड गावी गेला. तिथे दोन वर्षांच्या आत धाकटा मुलगा गेला, पाठोपाठ बायको.

आता तुझ्या आजोबांचं. ते गिरगावात प्रार्थना समाजाच्या उपासनेला जायचे ना? विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते युनिटेरियन, म्हणजे प्रीस्टलीसारखंच त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या मदतीने. त्या कॉलेजचं मूळ शोधत मागे जा, वॉरिंग्टनच्या अकादमीपाशी पोचशील. तिथे प्रीस्टली सहा वर्षं मास्तर होता! त्याच्या काळी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या ३९ श्रद्धा-कलमांवर सही केल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून तर या लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. आजोबांच्या ट्रंकेत त्या वेळचे काही कागद असतील तर बघून ठेव, मी मे महिन्यात येतोच आहे.

६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या तो आपल्या लिखाणात दुरुस्त्या सांगत होता. परत वाचून दाखवायला लावलं. "बरोबर. आता माझं काम झालं," म्हणाला, आणि थोड्याच वेळात गेला.

वहिनींना नमस्कार. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली.

तुझा,
अरविंद