बाँडवरच्या प्लॉटबद्दल

बेळगाव
११ जानेवारी २०२६

प्रिय संत्या,

तुझा निरोप वाचला. येळ्ळूर रोडला प्लॉट बघितलायस, बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँपपेपरवर मिळतोय, आणि एजंट म्हणतोय सहा महिन्यांत एन.ए., म्हणजे बिगरशेती होतंय. फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून बसून लिहितोय.

माझ्या प्लॉटची अर्धीच गोष्ट तुला ठाऊक आहे. २०१८ साली घेतला तेव्हा सगळं चोख होतं. एन.ए. झालेला, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेला, खरेदीपत्र सब-रजिस्ट्रारकडं रीतसर नोंदवलेलं. तीस वर्षांची ईसी, म्हणजे जमिनीवरच्या बोजांचा नि व्यवहारांचा दाखला काढला, तोही कोरा. मग एका सकाळी कुंपणाचे दगडी खांब उतरवत होतो, तर एक म्हातारी आली. डोक्यावरची वैरणीची पेंढी तिनं खांबावर टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे विचारलं, "माझी सही कुठं घेतल्यासा?"

ती विकणाऱ्या भावांची बहीण. वडील गेल्यावर वारसा लावताना भावांनी आपलीच नावं चढवली होती. मी उताऱ्यावरची नावं बघितली, बहिणी किती ते विचारलंच नाही. पहाणीवर, म्हणजे उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, ती नोंद मुळात शेतसाऱ्यापुरती. ईसीत तरी काय दिसतं? नोंदवलेले व्यवहार. मुलीचा जन्मानं आलेला हक्क कुठल्या रजिस्टरात नोंदवतात, सांग. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं आलं. २००५ ला बाप हयात नसला तरी तो वाटा राहतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला सांगितलं.

वाटणीचा दावा दाखल झाला. मी प्रतिवादी नंबर सहा. घरात पोरंसुद्धा मला कधीकधी त्याच नावानं हाक मारतात. गेल्या वर्षी म्हातारी वारली, आता तिची मुलं दावा चालवतात. तिचा राग मला कधी आला नाही. ती खरंच बोलत होती. पण दावा चालू असताना जो कुणी प्लॉट घेईल त्यालाही निकाल बांधील राहतो, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला फिरकतो.

हे नोंदणी झालेल्या प्लॉटचं झालं. तुझ्याकडं तर नोंदणीच नसणार. शंभर रुपयांच्या वरची जमीन विकायची तर खरेदीपत्र नोंदवावंच लागतं, हा १९०८ पासूनचा कायदा आहे. बाँडपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे मालकी येत नाही. वटमुखत्यारपत्रानंही येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ ला स्पष्ट केलंय. उतारा शेतकऱ्याच्याच नावावर राहणार. उद्या त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं तर अकराव्या रकान्यात बोजा चढेल, आणि तुला पत्ताही लागणार नाही. उतारा कन्नडमध्ये, नि तुझं कन्नड शाळेनंतर सुटलं, हे एजंटालाही माहीत असणार!

खर्च वाचतो म्हणून तुला मोह होतोय, हे कळतंय. मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस, आणि नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झाली. वीस लाखांवर दीड लाखाच्या आसपास जातात. जाऊ देत. आणि अर्धे पैसे रोख मागतोय म्हणालास. त्या रकमेची पावती नाही, म्हणजे पुढं विकताना ती तुझ्या खरेदीच्या किमतीत धरली जाणार नाही, तेवढा नफा समजून कर मात्र भरावा लागेल.

एन.ए.चं म्हणशील तर ते सरकारदरबारी ठरतं, एजंटाच्या हातात नसतं. मास्टर प्लॅनमध्ये ती पट्टी शेतीसाठी राखलेली असेल तर सहा महिने काय, सहा वर्षं थांब. शिवाय तिकडं बायपास नि रिंगरोडचा वाद शेतकरी किती वर्षं लढतायत ते तुला माहीत आहे. सर्व्हे नंबर भूसंपादनात तर नाही ना, हे आधी बघायला हवं. सरकारनं दलित कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर १९७८ च्या कायद्यानं सरकारची परवानगी नसताना झालेली विक्री रद्दच धरतात.

सर्व्हे नंबर पाठव. मंगळवारी उतारा, फेरफार नि ईसी काढतो, आणि गावात जाऊन घरातल्या माणसांची वंशावळ विचारून येतो. लेकी कुठं दिल्यात हे देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं.

आणि हो, संचकार, म्हणजे बयाणा दिला नाहीस ना अजून? एवढं आज रात्रीच फोन करून सांग.

तुझा,
बाळू