खाटेवरच्या म्हाताऱ्यांची पाठ बघा

महोदय,
कोणता मुलगा आईबापाला नीट पाहतो, हे आमच्याकडे पारावर ठरते आणि बहुधा चुकीचेच ठरते. पुण्याहून पैसे धाडणारा गुणाचा. हागणे-मुतणे काढणारी सून कुणाच्या हिशेबातच नाही. खरे तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची पाठ, माकडहाड, टाचा बघाव्यात. दर दोनेक तासांनी कूस बदलली नाही, तर तिथेच जखमा होतात. पण कापूस वेचणीत नवरा-बायको दोघेही शेतात, मग कूस बदलणार कोण? आईबाप व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते. तिच्यातून अंग पुसायला माणूस मिळत नाही. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना पाठ तपासायला सांगावे. सुनेची झोप होते का, हेही विचारावे.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ