सिस्टर, तुम्ही ‘वय झालं’ म्हणाला नाहीत

प्रिय सिस्टर,

खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबांना घरी आणलं आणि तुम्ही आमच्याकडे येऊ लागलात. बाबा तेव्हा ८१ वर्षांचे होते, आणि घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं. चक्कर येते? वय झालं. रात्री झोपत नाहीत? वय झालं. विसरतात? वय झालं. आम्हाला त्यांची काळजी नव्हती असं नाही, पण आम्ही दमलो होतो. आणि आधी ज्यांना दाखवत होतो त्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. तुम्ही सात महिने आलात. तुमच्या तोंडून ते दोन शब्द मी एकदाही ऐकले नाहीत. त्यासाठी हे पत्र.

पहिल्याच दिवशी तुम्ही बाबांचं बीपी आडवं असताना घेतलंत, मग वॉकरला धरून उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतलंत. वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला. आम्ही ते नेहमी खुर्चीत बसवून मोजायचो आणि ‘नॉर्मल’ म्हणून निश्चिंत व्हायचो. रात्री लघवीला उठताना बाबा पडले ते कशामुळे, याचा अंदाज मला त्या क्षणी आला. मग तुम्ही घरातली सगळी औषधं पलंगावर काढायला लावलीत, सर्दीच्या नि झोपेच्या गोळ्यांसकट. दोन पाकिटांवर नावं वेगळी होती आणि आत बीपीचं औषध एकच. दोन डॉक्टरांनी दिलेलं, बाबा दोन्ही घेत होते. सर्दीच्या ज्या गोळीने मला नुसती झोप येते, तिने म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते, हेही तेव्हाच कळलं. तुम्ही स्वतः एकही गोळी बंद केली नाहीत. ‘ही पिशवी अशीच डॉक्टरांसमोर ठेवा,’ एवढंच म्हणालात.

आणि ती टाच. बाबांच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा डाग होता आणि मी रोज मनापासून तिथे तेल चोळत होते. तुम्ही माझा हात हळूच बाजूला केलात, त्या डागावर बोट दाबलंत आणि उचललंत. रंग फिका झालाच नाही. ‘ही बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे, इथे चोळायचं नाही,’ म्हणालात. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून मला उलट्या हाताने ती जागा चाचपायला लावलीत. आजूबाजूपेक्षा गरम होती आणि घट्टही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी कशा ठेवायच्या, दर २ तासांनी कूस कशी बदलायची आणि तेव्हा ओढायचं नाही, उचलायचं, हे सगळं तुम्ही माझ्या हातून करून घेतलंत. जखम झाली नाही, सिस्टर. तो डाग तिथेच थांबला आणि गेला.

पण माझ्या मनात सगळ्यांत जास्त राहिलाय तो गुरुवार. दोन दिवस बाबा अगदी शांत होते. हाक मारली की डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. आम्हाला वाटलं, चला, निदान आराम तरी करताहेत. तुम्ही आल्या आल्या विचारलंत, ‘हे असे कधीपासून?’ आज वार कोणता, हे त्यांना सांगता येईना. ताप नव्हता, म्हणून आम्ही गाफील होतो. तुम्ही सांगितलंत की या वयात इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही, आणि भ्रम झालेला माणूस बडबडच करतो असंही नाही, गप्पही पडतो. त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं, अंगातलं पाणीही कमी झालं होतं. चष्मा आणि कानातलं मशीन बरोबर न्यायची आठवण तुम्हीच केलीत. अनोळखी खोलीत नीट दिसलं नाही, ऐकू आलं नाही, तर माणूस आणखी गोंधळतो, म्हणून. चार दिवसांनी बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली. तुम्हाला फोन केला होता, पण रडू आलं म्हणून धड बोलता आलं नाही. ते आज सांगते.

माझ्याकडेही तुमचं लक्ष होतं. ‘ताई, सलग सहा तास शेवटच्या कधी झोपलात?’ मला आठवेना. तुम्ही दादाला बोलावून घेतलंत आणि आठवड्यातल्या तीन रात्री त्याच्या नावावर लिहून कागद कपाटाला चिकटवलात. मी वर्षभर जे मागू शकले नव्हते, ते तुम्ही पाच मिनिटांत मागितलंत.

बाबा आता वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात. उठायच्या आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतात आणि पावलं वीस वेळा वरखाली करतात. काल दादा घाईत होता, त्याने हाताला धरून उठवायला सुरुवात केली. बाबांनी तळवा वर केला. ‘थांब जरा. सिस्टरांनी सांगितलंय.’ आणि मोजत बसले.

तुमची,
बाबांची मुलगी