पौंड, कोंडवाडा आणि पाटल्या

संडरलँड,
रविवार, रात्र

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी इथं मजेत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पण फोनवर आबांना नीट ऐकू येत नाही, आणि आईची गाडी 'जेवलीस का'च्या पुढं जात नाही. तर जेवते. रोज भात, आमटी आणि तू दिलेली चटणी. थंडी आहे, पण कोट आहे. रात्रपाळी आहे, पण एकटी येत-जात नाही, शेजारच्या खोलीतली केरळची सिस्टर बरोबर असते. टीव्हीवर इथलं काही दाखवलं की लगेच फोन उचलू नका. ते आमच्या गल्लीत नसतं.

आबा, हे पत्र खरं तर तुमच्यासाठी आहे. तोलाईदाराच्या पोरीला वजनाची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगायची?

गेल्या आठवड्यात ड्यूटी संपवून दोघी बाहेर आलो, तर त्या सिस्टरची जुनी गाडी जाग्यावर नाही. लावू नये तिथं लावली होती, उचलून नेली. चौकशी केली तर तिथला माणूस म्हणाला, गाडी पौंडात आहे. मी म्हटलं, पौंडात आहे ते कळलं हो, पण किती? तो माझ्याकडं बघतच राहिला. मग कळलं, उचललेल्या गाड्या नेऊन ठेवतात त्या आवाराला इथं पौंड म्हणतात. मोकाट कुत्री ठेवतात तोही पौंड. पूर्वी गावोगावी दगडी भिंतीचा पौंड असायचा, शेतात शिरलेली गुरं त्यात घालायची आणि दंड भरला की सोडायची. म्हणजे सरळसरळ कोंडवाडा!

मला आजीची म्हैस आठवली. दावं तोडून पेठेत हिंडली आणि म्युनिसिपालिटीनं कोंडवाड्यात घातली होती, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन गेला होता. दंडाची पावती टोपीच्या घडीत खोचलीत आणि सगळ्या वाटेनं म्हशीला शिव्या घालत आलात. घरी आल्यावर आजीनं पहिल्यांदा म्हशीच्या पायावर पाणी घातलं. तुमच्या पायावर नाही.

वॉर्डात एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना हे सांगितलं तर त्या खुलल्या आणि आपला जाडजूड शब्दकोश मुलाकडून मागवून घेतला. त्यात पौंड एक नाही, तीन निघाले. लिहायला-बोलायला सारखे, पण एकमेकांचे भाऊबंद नव्हेत, नुसते आडनावबंधू. कोंडवाड्याच्या पौंडाचं जुन्या इंग्रजीतलं रूप होतं 'पुंड'. आपली म्हैस पुंड होतीच. तळ्याला म्हणतात तो 'पॉन्ड' शब्दही त्यातूनच फुटला. पाणी कोंडलं की पॉन्ड. म्हणजे रंकाळ्यावर म्हशी धुवायला नेणारे लोक त्यांना आपल्या पायानं कोंडवाड्यात नेतात म्हणायचं!

दुसरा पौंड कुटण्याचा. आई, तू उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची घेऊन डंकावर बसतेस ना, तिथं चालतं ते पौंडिंग. या शब्दाला मुळात शेवटचा 'ड' नव्हताच, बोलता बोलता लोकांनी चिकटवला. भीतीनं छाती धडधडली तरी हाच शब्द. पहिल्या रात्रपाळीला माझी तशी झाली होती. एकदाच. आता नाही होत.

आणि तिसरा, तुम्हाला माहीत असलेला, ज्याच्यामागं मी इथं आले तो. रोमन लोक 'लिब्रा पोंडो' म्हणायचे. पोंडो म्हणजे वजनानं, आणि लिब्रा हे त्यांच्या वजनाचं नाव, पण तराजूलाही लिब्राच. इंग्रजांनी बोलायला पोंडो घेतला आणि लिहायला लिब्रा. म्हणून पौंडाची खूण आडवी रेघ मारलेल्या एल अक्षराची, नोटेवर छापतात ती. ही लिब्रा म्हणजे आपली तूळ रास, धाकटीची. म्हणजे गेली दोन वर्षं तिच्या राशीमागंच पळतेय की मी.

पूर्वी इथं एक पौंड वजनाच्या चांदीची 240 नाणी पाडत, म्हणून पैशालाही वजनाचंच नाव पडलं. पौंडाचे 240 पेन्स हा हिशेब 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत चालू होता, मग शंभर झाले. आपण 1 एप्रिल 1957 लाच आणे-पै सोडून नवे पैसे घेतले होते. म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केलं ते या बाबतीत आपल्या चौदा वर्षं मागं! हे वॉर्डात सांगितल्यावर बाई म्हणाल्या, तरीच मला अजून सुटे पैसे मोजायला वेळ लागतो.

पण इथल्या लोकांचं एक मला अजून उमगलेलं नाही. पेट्रोल लिटरवर, रस्ता मैलात, दुकानात भाजी किलोवर, आणि माणूस मात्र दगडात! खरंच, माणसाचं वजन 'स्टोन'मध्ये सांगतात. चौदा पौंडांचा एक स्टोन, म्हणजे सहा किलो साडेतीनशे ग्रॅम. वरचे राहिलेले पौंड वेगळे सांगायचे. दहाच्या पटीत काही म्हणून बसत नाही. आपला तीस किलोचा गुळाचा रवा इथं चार स्टोन दहा पौंड भरेल, आणि तो या भाषेत कुठल्या अडत्याला सांगितला तर तो तुम्हालाच हाकलून देईल. पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम. कुणी अर्धा किलो समजून घेतला तर सेहेचाळीस ग्रॅमचं माप मारलंच. याच गावात एका भाजीवाल्यानं पौंडावर केळी विकली म्हणून 2001 साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं होतं. लोक आजही त्याचीच बाजू घेतात. किलोवर एवढा राग कशाचा, देव जाणे.

वॉर्डात औषधाचा डोस किलोवर ठरतो, म्हणून आम्ही किलोच लिहितो. पण पहिल्याच महिन्यात एक आजोबा मला म्हणाले, सिस्टर, माझा एक स्टोन गेला. मला वाटलं, मुतखडा पडला! मी दुखलं का, रक्त आलं का विचारत बसले आणि लघवी गाळून ठेवायला भांडं घेऊन आले. सगळा वॉर्ड हसला. आजोबा तर पोट धरून हसले. त्यांचं सहा किलो वजन उतरलं होतं, एवढंच. अजूनही मला बघितलं की खिसे चाचपून बघतात.

पाडव्याला गुळाचे सौदे निघाले असतील. दर काय लागला ते कळवा. आणि आता पोती उचलू नका, काट्याजवळ नुसतं उभं राहा. गुडघ्याला लेप लावताय म्हणे. हे मला दादाकडून कळतं, तुमच्याकडून नाही.

पैशाचं सांगायचं राहिलं. या महिन्याला तीनशे पौंडच पाठवलेत, चारशे नाही. खोली बदलली, तिची अनामत भरावी लागली. पतसंस्थेचा हप्ता त्यात बसतो, बाकी दादाला आवरायला सांगा. मी खर्चीक झालेय असं काकू म्हणाल्याचं कळलं. इथं चहासुद्धा बाहेर पीत नाही मी. आईच्या पाटल्या अजून कोंडवाड्यातच आहेत हे मी विसरलेले नाही. मार्चपर्यंत सोडवते. आई, तू लग्नात काचेच्या बांगड्या घालून उभी राहिलीस तर मला फोटो पाठवू नकोस.

धाकटीचं मे महिन्यातलं ठरलं हे बरं झालं. रजेचा अर्ज टाकलाय. मिळेल असं वाटतं. नाहीच मिळाली तर तारीख पुढं ढकलू नका, त्यांच्याकडच्यांना आधीच घाई आहे. आणि थोरलीच्या आधी धाकटीचं कसं, असं विचारणाऱ्यांना सांगा की थोरलीची पत्रिका सध्या विलायतेत आहे. गडहिंग्लजच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, मान्य. पण तो मला परत ये म्हणतो, आणि कर्ज फिटेपर्यंत मला ते जमायचं नाही. नंतर जमेल का, हे आत्ता विचारू नका.

अंबाबाईला माझा नमस्कार सांगा. आजीच्या फोटोला हार घाला.

तुमची,
बाळी

ता. क. आईला सांगा, माझं वजन आठ स्टोन दहा पौंड आहे आणि तब्येत उत्तम आहे. आबा, तुम्ही हिशेब कराल हे मला माहीत आहे. निघताना तुमच्याच काट्यावर साठ किलो भरले होते, तेही माहीत आहे. आईला किलोत सांगू नका.