पावणेदोन अंशांबद्दल आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

विमानवाहू जहाजावरच्या जेपी-5 या विमान-इंधनाला फ्लॅश पॉइंटची (ज्या किमान तापमानाला इंधनाची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर पेट घेते, त्याची) जी चाचणी लागते, ती तुम्ही आमच्या तंत्रनिकेतनातल्या मुलांकडून रॉकेलच्या नमुन्यावर घटवून घेतलीत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुमच्या सूचना इतर प्रयोगशाळांनाही कामी येतील.

जेपी-5 चा फ्लॅश पॉइंट किमान 60 अंश हवा, हा आग्रह कशासाठी, हे तुम्ही नाशिकच्या उन्हाळ्यावरूनच पटवून दिलंत. साध्या प्रवासी विमानांच्या जेट ए-1 इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान 38 अंश असावा लागतो, आणि इथे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. मोकळ्या धावपट्टीवर वाफ वाऱ्याने निघून जाते. जहाजाच्या पोटात मात्र ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते, आणि भिंतीपलीकडेच माणसं झोपलेली असतात. म्हणून जेपी-5 मधून हलके घटक काढून टाकतात. दुसऱ्या टोकाला गोठणबिंदू उणे 46 अंशांच्या वर जाऊन चालत नाही. दोन्हीकडून कात्री लागल्यावर कच्च्या तेलातून हाती कमी लागतं, म्हणून ते महाग.

पेन्स्की-मार्टेन्सच्या, म्हणजे फ्लॅश पॉइंट मोजण्याच्या झाकणबंद उपकरणाच्या, कपाबाबत तुमची शिस्त कडकच! कप पेट्रोल किंवा अॅसिटोनने धुतला असेल, तर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नमुना ओतायचा नाही; चार थेंब राहिले तरी आकडा कोसळतो. नमुना खुणेपर्यंतच भरायचा, तापमान मिनिटाला 5 ते 6 अंशांनी वाढवायचं. अपेक्षित आकड्याच्या वीस-पंचवीस अंश आधीपासून दर अंशाला ज्योत दाखवायची, आणि तेवढ्यापुरतं ढवळणं थांबवायचं. ज्योतीभोवती निळसर वलय दिसलं की मुलं "आला, आला" म्हणतात. तो फ्लॅश नव्हे. ज्वाला सगळ्या पृष्ठभागावर क्षणात पसरली पाहिजे.

पण खरी मोलाची गोष्ट बॅरोमीटरची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच, हवेचा दाब साधारण 94.5 किलोपास्कल. दाब कमी म्हणून वाफ लवकर सुटते आणि आकडा कमी येतो. समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबातून, म्हणजे 101.3 मधून, इथला दाब वजा करून 0.25 ने गुणलं की 1.7 मिळतात, ते वाचनात मिळवायचे. म्हणजे इथे 59 दाखवणारा नमुना प्रत्यक्षात 60.7 चा, उत्तीर्ण! ही दुरुस्ती पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत असते आणि तिथेच राहते.

जेपी-5 म्हणजे न जळणारं इंधन, हा समजही तुम्ही वेळीच खोडलात. 1967 साली फॉरेस्टल या अमेरिकी विमानवाहू जहाजावर चुकून सुटलेलं रॉकेट एका विमानाच्या टाकीवर आदळलं, जेपी-5 पेटलं आणि 134 जण गेले. फवारा उडाला किंवा आयती ज्वाला मिळाली, तर 60 अंशांचा आधार तोकडा पडतो.

नोंदवहीत आता दाबाचा वेगळा रकाना आखला आहे. पुढच्या तुकडीसाठीही यावं, ही विनंती.

आपले,
इंधन प्रयोगशाळेतील शिक्षक व विद्यार्थी, नाशिक