‘पूर्ण कुजलेले’ म्हणून आलेल्या कच्च्या कोंबडीखताबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१२ जूनला तुमच्याकडून कोंबडीखताच्या २५ किलोच्या तीन गोण्या घेतल्या. गोणीवर ठळक अक्षरांत ‘पूर्ण कुजलेले, वासरहित, थेट वापरा’ असे छापले आहे. पहिली गोणी उसवताच अमोनियाच्या भपकाऱ्याने डोळे झोंबले. आत भाताचे तूस जसेच्या तसे, पिवळे नि कडक. मधूनमधून पिसे. हात घातला तर गाभा चक्क गरम. कुजून झालेले खत गार लागते आणि त्याला मातीचा वास येतो, हे खत विकणाऱ्यांना मी सांगायचे?

एवढे दिसत असूनही छापलेल्या ओळीवर विसंबले, ही माझी चूक. वांगी-मिरचीच्या २२ रोपांच्या बुडाशी एकेक ओंजळ टाकली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात १७ रोपे गेली. कढीपत्त्याला मात्र काही झाले नाही, तो कशालाच दाद देत नाही.

फोन केला तर उत्तर मिळाले, “कोंबडीखत उष्णच असतं मॅडम, पाणी जास्त घाला.” अहो, उष्ण असते म्हणूनच तर कुजवून विकायचे!

उरलेल्या दोन गोण्या परसात ओतल्या. तिप्पट सुका पाला मिसळला. मुठीत दाबले तर हात ओला व्हावा पण थेंब गळू नये, इतपतच पाणी शिंपडले. तिसऱ्या दिवशी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढली, तर हातात धरवेना. कोंबडीच्या विष्ठेत नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी, म्हणून हा पाला. आणि तुसात कर्ब असला तरी सिलिकामुळे ते लवकर कुजत नाही. नुसते कोंबड्यांच्या शेडमधले लिटर, म्हणजे खाली अंथरलेले तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा, खरवडून गोणीत भरले की हेच होणार. आता दर आठवड्याला फावड्याने ढीग वरखाली करते आहे. अजून दोन महिने तरी जातील. पैसे मी मोजले, घामही माझाच.

तिन्ही गोण्यांचे पैसे आणि रोपांची भरपाई द्यावी. हा माल शेडमधून कधी उचलला, किती दिवस कुजवला, हे लेखी कळवावे. गोणीवर बॅच क्रमांकाची चौकट कोरीच आहे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली ग्राहक,
वाई, जि. सातारा

सोबत : बिल, गोणी व करपलेल्या रोपांचे फोटो. मूठभर खत बरणीत ठेवले आहे, माणूस पाठवून नेता येईल. झाकण मात्र अंगणात उघडा.